दोन पंपांची शेवरोलेट

एवेलिओच्या गाडीने ऑइल पिणं सोडलं, ही बातमी ग्वांतानामोच्या टॅक्सीअड्ड्यावर त्याने स्वतःच फोडली. बावन्न सालची हिरवी शेवरोलेट, बापाकडून आलेली, इंजिन अजून मूळचंच. त्या इंजिनाला रोज सकाळी अर्धा पेला ऑइल पाजावं लागे, आणि आजाऱ्याला पेज भरवावी तसं एवेलिओ ते निगुतीने पाजायचा. आता तीन दिवस झाले, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून बघावं तर ऑइल होतं तिथेच होतं. केसभर वरच म्हणा.

"नव्या पंपाचा पायगुण," एवेलिओ म्हणाला.

"पायगुण सुनेचा असतो," ओनेलिओ म्हणाला. "जावयाचा कधी ऐकला नाही बुवा."

अड्डा हसला. ओनेलिओ हसला की अड्डा हसायचाच. एवेलिओला सोडून अकरा ड्रायव्हर, अकरा जुन्या गाड्या, आणि शब्द एकट्या ओनेलिओचा. त्याने ज्या मेकॅनिकला नाक मुरडलं त्याने दुकानाला कुलूप लावून मासे धरायला जावं, अशी रीत होती.

हा पंप म्हणजे एवेलिओच्या जावयाचं काम. योस्बेल त्याचं नाव. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला. कारखाना बंद पडला तेव्हापासून हातातलं कसब हातातच राहिलेलं. जुन्या गाड्यांचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो आणि इंजिनाच्याच हालचालीवर चालतो. दुपारच्या उन्हात इंजिन तापलं की पंपही तापतो, आतलं पेट्रोल उकळतं, आणि गाडी घाटाच्या तोंडाशी मरून पडते. म्हणून डोंगरापलीकडच्या बाराकोआ गावाच्या वाटेवरचा प्रत्येक ड्रायव्हर घाटाआधी काहोबाबोच्या नळावर थांबतो, पंपाला ओलं फडकं गुंडाळतो आणि अर्धा तास उतारूंच्या शिव्या खातो. योस्बेलने यावर उपाय काढला. पनामाहून कुणाच्या तरी बॅगेतून विजेवरचा छोटा पंप मागवला आणि तो गाडीच्या मागे, टाकीजवळ गार जागी बसवला. जुना पंप काढून ठेवला. त्याच्या जागी इंजिनाला पडलेलं भोक बंद करायला एका रशियन फ्रिजच्या दारातून पत्रा कापला.

अकराही गाड्यांना असे पंप बसवायचे ठरले तर, पनामाहून एकेक पंप येईल तसं, योस्बेलला दोन वर्षांचं काम होतं. नाही ठरलं, तर नोव्हेंबरात तो उरुग्वेला चुलतभावाकडे जाणार होता, आणि एकटा जाणार नव्हता. नेरेइदा त्याची बायको, एवेलिओची एकुलती एक मुलगी. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात टेबलाला तीन खुर्च्या होत्या, आणि त्यांतल्या दोन रिकाम्या झाल्यावर आपण जेवायला कुठे बसायचं, हा विचार एवेलिओला जूनपासून झोपू देत नव्हता.

ओनेलिओने अट घातली. "सोमवारी भर दुपारी गाडी भरून निघायचं. नळावर थांबायचं नाही. मी पुढच्या सीटवर बसतो. बाराकोआत पोचलो तर अकरा गाड्या तुझ्या जावयाच्या दारात."

"आणि नाही पोचलो तर?"

"तर पायगुण कळला."

आता एक गोष्ट अड्ड्याला ठाऊक नव्हती, योस्बेललाही नव्हती. आधीच्या बुधवारी नवराबायको दवाखान्यात गेलेली असताना एवेलिओ एकटा गाडीखाली शिरला होता. नव्या पंपाचा सगळा जीव एका वायरीत. घाटात वायर निसटली तर? फ्यूज उडाला तर? चाळीस वर्षं या माणसाने गाडीतली एक वस्तू फेकली नव्हती, आणि जी चालते तिच्या जोडीला आणखी एक असावी हा तिथला धर्मच आहे. त्याने पत्रा काढला, जुना पंप पुन्हा इंजिनाला लावला आणि नळी फिरवून घेतली. नव्यातून पेट्रोल जुन्यात, जुन्यातून इंजिनाला. नवा बंद पडला तर जुना ओढून घेईल. जुन्याच्या आतला रबरी पडदा त्याने पूर्वी स्वतःच्या हाताने, लष्करी रेनकोटातून कापलेला. एकाच्या जागी दोन बैल.

योस्बेल बजावायला गेला होता, नाही असं नाही. पत्रा बसवताना म्हणाला होता, "सासरेबुवा, एक तर हा, नाहीतर तो. दोन्ही एका नळीत नकोत, कारण नवा ढकलायला लागला की..."

"कळलं, कळलं," एवेलिओने मध्येच तोडलं होतं. "तू पाळण्यात होतास तेव्हापासून पंप खोलतोय मी."

ते 'कारण' काय, हे ऐकायचं तेवढं राहून गेलं.

सोमवारी बाराला गाडी निघाली. पुढे एवेलिओ, त्याच्या शेजारी रजेवर निघालेला एक शिपाई, तो बसला तोच झोपला, आणि खिडकीशी ओनेलिओ. मागे योस्बेल, नेरेइदा आणि दिग्ना नावाची एक जाडजूड बाई. दिग्नाच्या मांडीवर भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाचा निळ्या क्रीमचा केक होता, ताटाएवढा, उघडाच. खड्डा आला की ती केकसकट वर उचलली जायची आणि केकसकट खाली यायची.

"हळू हो, ड्रायव्हर. सहा महिने अंडी जमवलीत याच्यासाठी."

समुद्राकाठचा तो टापू म्हणजे भट्टी. निवडुंग, पांढरी माती आणि डोळ्यांवर येणारा रस्ता. एवेलिओची पाठ सीटला चिकटली होती. त्याचे कान मागे, टाकीपाशी होते. नवा पंप टिकटिक करायचा. इंजिन सुरू करताना भरभर, आणि पुढचं, कार्ब्युरेटरचं भांडं भरलं की हळू, अगदी रेंगाळत. योस्बेलने तेवढं मात्र त्याला नीट शिकवलं होतं: हळू टिकटिक म्हणजे सगळं ठीक.

काहोबाबोचा नळ आला. तिथे तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या, ड्रायव्हर फडकी पिळत होते. एवेलिओने हॉर्न वाजवला आणि न थांबता पुढे गेला. ओनेलिओने मागे वळून नळाकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"अर्धा तास वाचला," तो म्हणाला, आणि नाखुशीने का होईना, पण हसला. "पोरा, मानलं बरं का."

आरशात एवेलिओला मुलगी दिसली. तिने नवऱ्याचा हात धरला होता. चार वर्षांत ती अशी हसलेली त्याने बघितली नव्हती, आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याने उगाच पुन्हा एकदा हॉर्न वाजवला.

घाट सुरू झाला. ला फारोलाचा रस्ता डोंगराच्या कुशीत खिळे ठोकून टांगल्यासारखा आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली झाडांचे शेंडे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होती. ओनेलिओ आता मजेत आला होता.

"पंप तर पंप," तो मागे वळून म्हणाला, "पण तिची दारू कशी सोडवलीस ते सांग. तुझा सासरा सांगत होता, तीन दिवसांत ऑइलचा थेंब घातला नाही म्हणून."

योस्बेलचं हसू तिथेच राहिलं. "कमी झालं नाही?"

"कमी? उलट वर चढलंय म्हणतो."

मग योस्बेलने विचारलं, "खरं का, सासरेबुवा?"

"केसभर," एवेलिओ म्हणाला.

"ऑइल आपोआप वाढत नसतं."

"मग काय होतं?"

"दुसरं काहीतरी त्यात पडत असतं." योस्बेल पुढे वाकला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "पेट्रोल. पण तसं होणार कसं? जुना पंप असता तर पडदा फाटून तिकडून गेलं असतं. तो तर काढला आपण."

आरशात दोघांची नजर भेटली. एवेलिओने डोळे रस्त्यावर वळवले.

आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की टिकटिक भरभर चाललीय. चढ लागल्यापासून भरभरच चाललीय. पंप ढकलतोय, ढकलतोय, आणि भांडं काही भरत नाही. म्हणजे रेनकोटाचा तो पडदा आता नुसता झिरपत नव्हता, फाटला होता, आणि विजेचा पंप टाकीतलं पेट्रोल सरळ इंजिनाच्या पोटात, तापलेल्या ऑइलात ओतत होता. ते 'कारण' त्याला आता कुणी सांगायची गरज उरली नाही.

"थांबवा जरा," योस्बेल म्हणाला.

"इथे कुठे थांबवू? कठड्यावर?"

"पुढे रुंदी आहे तिथे."

"अरे वा," ओनेलिओ म्हणाला. "नळ टाळला आणि आता चढावर थांबायचंय. मग ओलं फडकं काय वाईट होतं?"

रुंदी आली. तिथे खोबऱ्याची मिठाई विकणाऱ्या चारपाच बायका बसल्या होत्या, पानांच्या पुड्या हलवत होत्या. जागा होती, सावली होती. एवेलिओचा पाय ब्रेकवर गेला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर बॉनेट उभं राहिलं, त्याखाली जुना पंप आणि त्यावर वाकलेला ओनेलिओ. माथा फार तर सहा वळणांवर होता. तिथून पुढे उतार, उतारावर इंजिनावर भार नसतो. बाराकोआत पोचल्यावर गुपचूप नळी बदलता येईल. त्याने पाय पुन्हा पेट्रोलवर ठेवला.

"बाबा," नेरेइदा म्हणाली, "तो थांब म्हणतोय."

"पुढच्या वळणावर."

मुलगी मागे बसलेली असताना हा माणूस असं करू शकतो, हे त्याचं त्यालाही नंतर कधी उमगलं नाही. पण त्या क्षणी त्याला तीन खुर्च्यांचं टेबल दिसत होतं, दुसरं काही नाही. माणसाला एकाच गोष्टीची भीती बसली की बाकीच्या भीतींना जागा उरत नाही.

पहिलं वळण गेलं. ऑइलच्या दाबाचा काटा नेहमीच्या जागेवरून खाली सरकला. दुसरं वळण गेलं. इंजिनाचा आवाज पातळ झाला, पाण्यात घोटल्यासारखा. तिसऱ्या वळणावर वास आला.

"पेट्रोलचा वास येतोय," दिग्ना म्हणाली. तिने केकवर दोन्ही हात धरले. "केकला लागेल हो. कुणी तोंडात घालणार नाही."

"सासरेबुवा, थांबवा," योस्बेल म्हणाला. या वेळी तो साधं बोलला नाही.

ओनेलिओने नाक वर केलं. त्याने विचार करताना चाळीस वर्षं करत आला होता तेच केलं. खिशातून चिरूट काढला, दातात धरला आणि काडी पेटवायला पेटी उघडली.

एवेलिओने झोपलेल्या शिपायाच्या अंगावरून हात टाकून ती पेटी त्याच्या हातातून हिसकली आणि खिडकीबाहेर भिरकावली. गाडी कठड्याकडे ओढली गेली, मागचं चाक दगडावर घासलं, शिपाई जागा झाला. गाडी थांबली. एवेलिओने किल्ली फिरवली आणि टिकटिक बंद झाली.

"उतरा. सगळे. लांब जा."

ते उतरले. दिग्ना केक घेऊन शंभर पावलं पळाली आणि मगच मागे वळली. योस्बेल तेवढा गाडीच्या दिशेने गेला. त्याने आधी मागची वायर ओढून काढली, मग बॉनेट वर केलं आणि तोंड फिरवून मागे सरला. ऑइल भरायच्या तोंडातून वाफ निघत होती. उन्हात ती हवा थरथरताना दिसत होती, एवढंच, पण तिच्या वासाने डोळे चुरचुरले. पाच मिनिटं कुणी जवळ गेलं नाही.

वाफ निवळल्यावर ओनेलिओ पुढे झाला. त्याने पट्टी काढली. तिच्यावरून ऑइल ओघळलं नाही, पाण्यासारखं टपटपलं. त्याने ती नाकाशी नेली.

"निम्मं पेट्रोल आहे," तो म्हणाला. "एक काडी, आणि आपण सहाही जण खालच्या झाडांवर लटकलो असतो." मग तो वाकला. "आणि हे काय? जुना पंप नळीतच आहे की. नव्याच्या पुढे जुना? हे कुणी केलं?"

योस्बेलनेही तेव्हाच तो पंप बघितला. तो बराच वेळ त्या पंपाकडे बघत राहिला, मग त्याच्या बोल्टकडे, मग सासऱ्याकडे. एवेलिओला वाटलं, आता बोलेल.

"मी," योस्बेल म्हणाला.

"तू?"

"मीच."

"शेंबड्या पोराला कळतं रे हे," ओनेलिओ म्हणाला, आणि मग त्याचं तोंड सुटलं. साखर कारखाना बुडाला त्यात नवल नाही, असले कारागीर ठेवल्यावर. उतारूंनी भरलेली गाडी. बायका बसलेल्या. स्वतःची बायको बसलेली. माझ्या गाडीला तर सोड, माझ्या सायकलच्या घंटीला हात लावू देणार नाही. योस्बेल मान खाली घालून ऐकत होता.

एवेलिओने हे सगळं ऐकून घेतलं. खरं बोलायचं तर पहिल्या झटक्यात बोलावं. उशिरा आलेल्या खऱ्याचं तोंड खोट्यासारखंच दिसतं. पण हे शहाणपण आपण बसल्या जागी सांगतो. त्याच्या जिभेला तेवढा वेळ लागला.

"त्याने नाही," तो शेवटी म्हणाला. "मी लावला तो पंप. बुधवारी. हा घरी नव्हता. याने मला सांगितलं होतं, दोन्ही नकोत म्हणून."

ओनेलिओचा राग हळूहळू उतरला आणि चेहऱ्यावर काहीतरी भलतंच आलं. त्याने एवेलिओच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोठ्या मनाचा आहेस, म्हाताऱ्या."

"मोठ्या मनाचं काही नाही. मीच केलं."

"बरं, बरं."

"अरे, पत्रा माझ्या घरी आहे. सिंकखाली ठेवलाय. फ्रिजचा पांढरा पत्रा. चल, दाखवतो."

"तुझ्या सिंकखाली पत्रे हुडकत येऊ मी?" ओनेलिओने दिग्नाकडे बघितलं. "चाळीस वर्षं पंप खोलतोय हा माणूस. हा असली चूक करेल? पोरीसाठी अंगावर घेतोय."

"सासरा असावा तर असा," दिग्ना म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपायानेही मान हलवली. त्याने तर काहीच बघितलं नव्हतं.

एवेलिओ आणखी दोनदा म्हणाला, मी केलं. प्रत्येक वेळी तो त्यांच्या नजरेत आणखी थोर होत गेला, आणि योस्बेल आणखी नालायक. तेव्हा तो गप्प झाला.

खालून नारळाचा ट्रक आला. ओनेलिओने हात दाखवून तो थांबवला. दिग्ना केकसकट पुढे चढली, शिपाई आणि ओनेलिओ मागे. "बाराकोआतून ऑइल पाठवतो," ओनेलिओ ओरडून म्हणाला. "आणि त्या पोराला बॉनेटखाली हात घालू देऊ नकोस." उद्या सकाळी अड्ड्यावर काय बोललं जाणार, ते यात सगळं आलं.

तिघं उरले. ट्रकचा आवाज विरत गेला. नेरेइदा कठड्याला टेकून बापाकडे बघत होती. त्या सगळ्यांत फक्त तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता, आणि तिचा बसला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"का केलंस, बाबा?"

"वायर निसटली असती तर गाडी बंद पडली असती. बंद पडली असती तर... तुम्ही गेला असतात."

तिने तोंड फिरवलं. खाली, झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. जवळ जावं की नाही, ते एवेलिओला कळेना. तो योस्बेलकडे वळला.

"तू 'मी' का म्हणालास? खरं सांगितलं असतंस तर तुझं ऐकलं असतं त्यांनी. अकरा गाड्या होत्या."

योस्बेल इंजिनाखाली डबा सरकवून पेट्रोल झालेलं ऑइल सोडत होता. ते सगळं गळून झाल्यावर त्याने हात पुसले.

"तो पंप बघितला तेव्हाच गाड्या गेल्या. अशा जागी उतारूंनी भरलेली गाडी आणली, म्हणजे कुणाची चूक हे कोण विचारतो. आणि अड्ड्यावर उद्यापासून तुम्हाला एकट्याला उभं राहायचंय. आम्हाला नाही."

'आम्हाला' हा शब्द तो मुद्दाम हळू म्हणाला, दुखू नये म्हणून. त्यानेच जास्त दुखलं.

एवेलिओ बॉनेटपाशी गेला. "आण तो पाना. पत्रा इथे नाही, जुना राहू दे तिथेच. मी नळी सरळ करतो."

"थांबा." योस्बेलने पाना त्याच्या हातात दिला, पण सोडला नाही. "घाई करू नका. आधी ऐका. मागची वायर काढल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. मग हे टोक सोडायचं, आणि इथून थेट वर जोडायचं. जोडल्यावर वायर लावून कान द्यायचा. मी बोलतो ते मला पुन्हा म्हणून दाखवा."

"मला येतं रे."

"माहीत आहे," योस्बेल म्हणाला. "तरी म्हणून दाखवा. पुढच्या वेळी विचारायला मी नसेन."

एवेलिओने पाना हातात घेतला. "आधी मागची वायर काढायची," तो म्हणू लागला, आणि जावई शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्याला मान हलवत गेला.